गाडी आली, पण माल कुठे चढवायचा?

शेतकरी बंधूंनो, ‘गाव तेथे एस.टी.’ ही घोषणा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. पण त्याच्याही एक्कावन्न वर्षं आधी, म्हणजे १८९७ साली, आपल्या भागात कुर्डुवाडीहून बार्शीला रेल्वे सुरू झाली होती. तीच आपली बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रुळांवरून चालणारी, धूर सोडत दमत-थांबत जाणारी लहान गाडी. आज ती नाही. तिच्या जागी मोठे रूळ आले, मोठ्या गाड्या आल्या.

जुन्या माणसांपुढं हा विषय काढला की गप्पा रंगतात. माझं गाव सांगोल्याच्या बाजूचं. माझ्या लहानपणी मिरज-पंढरपूर लहान गाडी चालू होती. आजोबांकडे घड्याळ नव्हतं. दुपारच्या गाडीची शिट्टी ऐकली की ते औत सोडायचे आणि बैल पाण्यावर न्यायचे. गाडीला उशीर झाला की बैलांनाही उशीर. असो. आठवणी गोड असतात, पण त्यांनी पोट भरत नाही. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. या लहान गाडीनं शेतकऱ्याला काय दिलं? ती गेल्यावर त्याचं काय गेलं? आणि मोठी गाडी आल्यावर त्याच्या पदरात काय पडलं?

हा प्रश्न आत्ताच घेण्याचं कारण आहे. विदर्भात शकुंतला रेल्वेच्या रुंदीकरणाची मागणी गेली कित्येक वर्षं चालू आहे. खान्देशात पाचोरा-जामनेर ही लहान गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि पुढे तो मार्ग बोदवडपर्यंत वाढवून रुंद करायला मंजुरी मिळाली. त्या भागातले शेतकरी आज ज्या आशेनं रुळांकडे बघताहेत, त्याच आशेनं आपण वीस वर्षांपूर्वी बघत होतो. म्हणून आपला अनुभव त्यांच्याही कामाचा आणि आपल्याही.

अडीच फुटांचं गणित

मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. बार्शी लाइटच्या रुळांत ते अडीच फूट होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हा मार्ग आखला. त्यासाठी १८९५ साली लंडनमध्ये कंपनी नोंदवण्यात आली. मोठा मार्ग मुंबई-मद्रास, तो कुर्डुवाडीवरून गेला. त्या वेळी त्या स्टेशनचं नाव ‘बार्शी रोड’ होतं. बार्शी ही धान्याची आणि कापसाची नामांकित पेठ, पण मोठ्या रुळांपासून २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर लांब. एवढ्यासाठी साडेपाच फुटी मार्ग टाकणं परवडणारं नव्हतं.

कॅलथ्रॉपची कल्पना साधी होती, पण पक्की होती. गाडी इंजिनाची असो की मालडब्याची, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा ठेवला की रूळ हलका चालतो. एका वारामागे ३० पौंड वजनाचा रूळ त्यांनी वापरला. रूळ हलका म्हणजे लोखंड कमी, पूल हलका, भराव कमी, जमीनही कमी. आपण बैलगाडीत भार कसा भरतो? सगळा पुढे घातला तर जू मानेवर बसतं, सगळा मागे घातला तर गाडी उलाळते. भार सारखा वाटला तर तेच बैल दीडपट ओझं नेतात. कॅलथ्रॉपनं हेच केलं.

तशी लहान रुळांची सुरुवात भारतात त्याच्याही आधीची आहे. बडोद्याच्या गायकवाड सरकारनं १८६२ साली दभोई ते मियागाम असा लहान मार्ग टाकला आणि त्यावरच्या गाड्या सुरुवातीला बैलांनीच ओढल्या. पण लहान रूळही कमी खर्चात भरपूर माल वाहू शकतो, हे बार्शी लाइटनं दाखवून दिलं आणि नंतरच्या अनेक मार्गांनी तिचा कित्ता गिरवला.

बार्शीला गाडी आली आणि मार्ग वाढत गेला. १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर आणि १९२७ ला पंढरपूरहून थेट मिरज. सगळा मिळून २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. लातूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं, तरी तिथला माल इंग्रजी मुलुखातल्या कुर्डुवाडीला येऊ लागला. लातूरची पेठ पुढे एवढी वाढली त्यात या अडीच फुटी रुळांचा मोठा वाटा आहे. वारीच्या दिवसांत तर काही विचारू नका, पंढरपूरच्या गाड्या माणसांनी ओसंडून वाहायच्या. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं ही कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला.

मालाची दोनदा हमाली

आता दुसरी बाजू बघा. लातूरला पोतं लहान डब्यात चढलं. कुर्डुवाडीला आलं. पुढे मुंबईला जायचं तर मोठा डबा. लहान डबा मोठ्या रुळांवर चालत नाही, म्हणून प्रत्येक पोतं उतरवायचं, पलीकडे न्यायचं आणि पुन्हा चढवायचं. एका मालाची दोनदा हमाली. त्यात पोती फाटायची, माल सांडायचा, पावसात भिजायचा, मोठा डबा मिळेपर्यंत धक्क्यावर पडून राहायचा. मिरजेला तर एके काळी मोठा, मध्यम आणि लहान असे तिन्ही प्रकारचे रूळ एकाच गावात होते.

पेठेला दुसरा रस्ता नव्हता तोवर हे चाललं. डांबरी रस्ते झाले, ट्रक आले आणि हिशेब फिरला. ट्रक शेताच्या बांधावर येतो, तिथं भरतो आणि थेट अडत्याच्या दारात उतरवतो. हमाली एकदाच. लहान गाडी स्वस्त होती, पण वरचा खर्च आणि खोळंबा धरला तर महाग पडू लागली. माल गेला, मग फक्त प्रवासी राहिले, आणि तेही एस.टी.कडे वळले. लहान गाडी हळू होती म्हणून बंद पडली असं आपण म्हणतो. माझ्या मते ती हळू होती हे अर्धंच खरं. ती मोठ्या रुळांना जोडलेली असूनही त्यांच्यापासून तुटलेली होती, हे तिचं खरं दुखणं.

बंद पडलेल्या गाड्यांची तीन नशिबं

देशातले लहान मार्ग बघितले तर त्यांची तीन प्रकारची गत झालेली दिसते.

पहिली गत म्हणजे सरळ बंद. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीनं असे बरेच मार्ग चालवले. बंगालमधली हावडा-आमता ही दोन फुटी गाडी १९७१ ला बंद झाली. दिल्लीजवळची शाहदरा-सहारनपूर १९०७ ला सुरू झाली आणि १९७० ला थांबली. बिहारमधली आरा-सासाराम १९७८ ला थांबली. रस्त्याच्या वाहतुकीपुढं त्यांचा निभाव लागला नाही. पण गंमत अशी, की शाहदरा-सहारनपूर आणि हावडा-आमता या दोन्ही ठिकाणी पुढे सरकारला मोठे रूळ टाकावे लागले. म्हणजे गाडी तोट्यात गेली तरी लोकांची गरज संपलेली नव्हती.

दुसरी गत आपल्या बार्शी लाइटची. रूळ उचलले, पण जागेवर मोठे रूळ आले. कुर्डुवाडी-पंढरपूर आधी झालं. लातूर-उस्मानाबाद २००७ ला आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ ला झालं. नंतर पंढरपूर-मिरजही झालं. जुनी लहान गाडी जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, बाजूला टाकून येडशीवरून जायची. रुंदीकरणात मार्ग वळवून गाव जोडलं गेलं. ही चांगली गोष्ट झाली.

तिसरी गत सगळ्यात वाईट. ती शकुंतलेची. १९१० साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे हे मार्ग. कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर आणि पुलगाव-आर्वी ३५ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या रुळांपर्यंत आणायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टर, हा त्यांचा उद्देश. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. स्वातंत्र्यानंतर इतर कंपन्या सरकारजमा झाल्या, ही मात्र कराराच्या कचाट्यात राहिली. मार्ग कंपनीचा, गाडी चालवायची मध्य रेल्वेनं. मालक एक, राबणारा दुसरा. बटईच्या जमिनीचं जे होतं तेच झालं. बांधबंदिस्ती कुणी करायची यात वर्षं गेली आणि रूळ झिजले. गाडी आधी रोडावली आणि मग थांबली. लहान रूळ चालत नाहीत, मोठे अजून आले नाहीत, आणि त्या पट्ट्यातला कापूस ट्रकनं जातो. यवतमाळ जिल्ह्याला दिलासा दुसऱ्या बाजूनं मिळतोय. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण मूर्तिजापूर-अचलपूरच्या गावांना त्याचा काय उपयोग?

मोठ्या रुळांनी काय दिलं

काही मंडळी म्हणतात, आपली लहान गाडीच बरी होती. मला तसं वाटत नाही, आणि त्याला दोन ठोस कारणं आहेत.

पहिलं, एप्रिल २०१६. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं कृष्णेचं पाणी लातूरला आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली ती १० टाक्यांची, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. ती गाडी कोणत्या वाटेनं आली? मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. अख्खी बार्शी लाइटची वाट! रुंदीकरण झालं नसतं तर मोठ्या रुळांवरच्या त्या टाक्या मिरजेच्या पुढे हलल्याच नसत्या.

दुसरं, किसान रेल. पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. आणि देशातली शंभरावी किसान रेल कुठून सुटली माहीत आहे का? २८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या सांगोल्याहून, बंगालमधल्या शालिमारला. आपलं डाळिंब उतरवाउतरवी न करता थेट कलकत्त्याच्या बाजारात. या गाडीची खुबी अशी, की कमीत कमी इतकाच माल आणा अशी अट नव्हती. दहा पेट्या असल्या तरी घेत. वाटेत चढवायची-उतरवायची सोय होती. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती. ही सवलत मार्च २०२२ पर्यंत चालली आणि ती संपल्यावर या गाड्यांचा जोर ओसरला.

इथंच आपल्या प्रश्नाची गाठ आहे.

रेकचं कोडं

लहान गाडीच्या काळात शेतकरी किंवा छोटा व्यापारी स्टेशनवर पाच-पन्नास पोती घेऊन जायचा, मास्तरकडे पावती फाडायचा आणि माल चढवायचा. मोठ्या रुळांवरही पूर्वी एक-एक डबा भरून मिळायचा. पण १९८० च्या दशकापासून रेल्वेनं धोरण बदललं. सुटे डबे जोडत-सोडत बसायचं नाही, पूर्ण गाडी एका ठिकाणी भरायची आणि एका ठिकाणी रिकामी करायची. याला रेक म्हणतात. रेल्वेच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, कारण डबे लवकर मोकळे होतात. पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं बघा.

बंद डब्यांच्या एका रेकला ४० च्या आसपास डबे असतात आणि एका डब्यात सुमारे ६० टन माल बसतो. म्हणजे अंदाजे अडीच हजार टन. आता आपला हिशेब मांडू. पाच एकर सोयाबीन, एकरी आठ क्विंटल धरलं तर चाळीस क्विंटल, म्हणजे ४ टन. एक रेक भरायला अशा ६२५ शेतकऱ्यांचा सगळा माल एकाच दिवशी, एकाच धक्क्यावर, पोत्यात भरलेला, वजन झालेला लागतो. ठरलेल्या तासांत तो चढला नाही तर दंड. एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली ही गोष्टच नाही. म्हणून रेक भरतो तो खताचा, सिमेंटचा, साखरेचा आणि मोठ्या व्यापाऱ्याच्या धान्याचा.

म्हणजे झालं असं: लहान गाडी थोडा माल घ्यायची, पण लांब पोचवत नव्हती. मोठी गाडी लांब पोचवते, पण थोडा माल घेत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! दारावरून गाडी धडाडत जाते आणि आपण फाटक उघडायची वाट बघत ट्रॅक्टर घेऊन उभे.

लगेच कुणी म्हणेल, ट्रक आहे ना. आहे, आणि शंभर-दोनशे किलोमीटरला ट्रकच परवडतो. पण दिल्ली, कलकत्ता, गुवाहाटीच्या बाजाराला माल पाठवायचा तर डिझेलचा खर्च आणि वाटेतले दिवस जड जातात. तिथं रेल्वे नसली की आपला शेतकरी जवळच्या बाजारातल्या भावाला बांधला जातो. तूर असो की डाळिंब, सगळ्यांचा माल एकदम त्याच बाजारात येतो आणि भाव पडतो.

गावांनी काय करावं

नुसतं रडून उपयोग नाही. सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे संचालक आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची मंडळी यांच्यासाठी काही मुद्दे देतो.

१) मागणी नेमकी करा. आपले बहुतेक ठराव ‘अमुक एक्सप्रेसला थांबा मिळावा’ असे असतात. थांबा मागा, पण त्याच ठरावात मालाची सोयही मागा. जवळच्या स्टेशनवर पार्सल घेतात का? मालधक्का आहे का? धक्का पक्का आहे का, वर छप्पर, रात्री दिवे आणि ट्रक जाण्याजोगा रस्ता आहे का? कुर्डुवाडी, पंढरपूर, बार्शी, लातूर हा भाग रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. ठरावाची प्रत तिथल्या विभागीय व्यवस्थापकांना आणि खासदारांना पाठवा, आणि पोच घ्या.

२) आकडे जोडा. ‘आमच्याकडे भरपूर माल पिकतो’ या वाक्यावर कुणी डबा देत नाही. कोणत्या पिकाचं किती क्षेत्र, कोणत्या महिन्यात किती टन माल निघतो, आज तो कुठे जातो, ट्रकला काय भाडं पडतं, हा तक्ता करा. पीकपेऱ्याची माहिती तलाठ्याकडे आहे, कृषी सहायक मदतीला आहे. दहा गावांचा एकत्र तक्ता केला तर त्याला वजन येतं.

३) माल एकत्र करायला शिका. रेक भरणं एकट्याला जमत नाही, पण शेतकरी कंपन्या आणि सोसायट्या एकत्र आल्या तर जमू शकतं. दोन ठिकाणी मिळून एक रेक भरायची, किंवा कमी डब्यांची लहान रेक घ्यायचीही तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. त्याच्या अटी आणि अंतराची मर्यादा मालधक्क्यावरच्या बाबूंना समक्ष विचारून घ्या. ऐकीव माहितीवर माल आणून टाकू नका.

४) फळवाल्यांनी प्रत सांभाळावी. रेल्वेत पेटीवर पेटी चढते, हाताळणी होते. ओली, कच्च्या खोक्यात भरलेली फळं चौथ्या दिवशी बाजारात उघडली तर गाडीला दोष देऊन भागत नाही. प्रतवारी करा, सावलीत थंड करून मग भरा, खोकं मजबूत घ्या.

५) जुन्या रुळांची जमीन. जिथं मार्ग बदलला तिथं लहान गाडीचा जुना भराव पडून आहे. रूळ उचलले म्हणून जमीन मोकळी झाली असं समजू नका. सातबारा आणि मोजणीचा नकाशा बघितल्याशिवाय नांगर घालू नका, नंतर खटले निस्तरावे लागतात. दुसरं असं, की जुन्या भरावातल्या मोऱ्या बुजल्या की वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबतं. फिरतीवर मी अशी पिवळी पडलेली पिकं बघितली आहेत. ग्रामपंचायतीनं लेखी अर्ज करून मोरी साफ करून घ्यावी.

शकुंतला आणि पाचोरा-जामनेरच्या बंधूंनाही एवढंच सांगणं आहे. रुंदीकरण जरूर मागा, पण आराखडा कागदावर असतानाच मालधक्का कुठे, पार्सलची खिडकी कुठे आणि कापसाच्या गाठी, केळीचे घड कुठे चढणार हे विचारून घ्या. रूळ पडल्यावर धक्का मागायला गेलं की जागा नाही, पैसे नाहीत, ही उत्तरं ठरलेली असतात.

एकशे पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीनं बार्शीला रूळ टाकले ते आपल्या प्रेमापोटी नव्हेत. पेठेत माल होता आणि माल वाहण्यात तिचा फायदा होता. आजही रेल्वे मालाचा हिशेब बघूनच सोय करते. तो हिशेब आपल्या बाजूनं मांडायचं काम मात्र आपल्यालाच करावं लागेल. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवा: आपल्या स्टेशनवर शेतमाल चढवण्याची सोय. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं. त्याच्या आत तक्ता तयार हवा.